साहेबाचं पान

आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येला कौलांवर एक पान जास्त असायचं. बाकीची पानं सासऱ्यांच्या आईवडिलांची, त्यांच्या आजी-आजोबांची, लहानपणीच गेलेल्या माझ्या एका दिराची. हे जास्तीचं पान मात्र स्कॉटलंडमधल्या एका लॉर्डच्या मुलाचं. रोह्याजवळच्या आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कोणाला काही नवल वाटत नव्हतं. शेजारच्या बायका मागच्या दाराने डोकावून विचारायच्या, साहेबाचं झालं का गो? नवल मला एकटीला वाटायचं, कारण ते रांधायचं माझ्याकडे होतं.

मी पेणची. माहेरी गणपतींचा कारखाना. लग्न होऊन इकडे आले तरी सीझनला वडील बोलावून घ्यायचे. डोळ्यांची आखणी तुझ्यासारखी कोणाला जमत नाही, असं म्हणायचे. खरं म्हणजे तेवढी जागरणं करायला दुसरं कोणी तयार नसायचं. चतुर्थीला शेवटची मूर्ती कारखान्यातून गेली की अख्खं पेण झोपतं. माणसं जिथे असतील तिथे आडवी होतात. ती झोप मला कधी मिळाली नाही. त्याच दिवशी सासरच्या गणपतीला पोचायचं, आणि गणपती उठले की लगेच पितृपक्ष. वडखळच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत एसटी अडकायची, तेवढ्यात डोकं खिडकीला टेकून जी डुलकी काढायची तीच माझी वर्षभराची विश्रांती. नखांतला रंग दिवाळीपर्यंत निघायचा नाही, आणि त्याच हातांनी वडे थापायचे.

घरच्या पितरांचं जेवण आपलं नेहमीचं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, अळू, भोपळा, कारलं. ते करायला मी कधी नाही म्हटलं नाही. पण साहेबाचं सगळं वेगळं. साहेबाला तिखट सोसत नाही, हा आमच्या घरातला कायदा होता. म्हणून मऊ भात, उकडून सोललेला बटाटा, नुसतं मीठ-तूप घातलेलं वरण, दोन बिस्किटं आणि कपात चहा, वर बशी झाकलेली. त्याचं पातेलं वेगळं, डाव वेगळा. फोडणीची मिरची जवळ आणायची नाही. आणि तूप वाढायचं ते एका चांदीच्या चमच्याने. त्याच्या दांड्यावर हरणाचं डोकं कोरलेलं होतं. तो चमचा वर्षभर देवांच्या मागे फडक्यात गुंडाळून ठेवलेला असायचा.

एवढं करून कावळा शिवेल तर शपथ. बाकीची पानं ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच फस्त व्हायची. साहेबाच्या पानाला कावळा यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा. एका वर्षी बटाटा मांजराने नेला. पण मांजर कोणाचं पितर नसतं, त्यामुळे ते धरलं गेलं नाही. साहेबाचं पान शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. दुपार कलायची, पोरं रडकुंडीला यायची, माझी कंबर मोडलेली असायची. शेवटी मामंजी मान खाली घालून ते पान गाईला द्यायला सांगायचे. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्या पानाला एकदा तरी कावळा शिवलेला बघावा आणि मग डोळे मिटावे, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. आणि मला ते पान एकदाचं बंद झालेलं बघायचं होतं. एकाच घरात आम्ही दोघं तीस-पस्तीस वर्षं या दोन इच्छा घेऊन राहिलो.

या पानाची गोष्ट मामंजींच्या वडिलांपासूनची. मी त्यांना पाहिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात ते मराठ्यांच्या पलटणीतून इटलीला गेले, आणि तिथे एका तरुण गोऱ्या अधिकाऱ्याचे ऑर्डर्ली होते. त्याचे बूट पुसायचे, चहा करायचा, चर खणायचा, रात्री शेजारी पडायचं. तो लॉर्डचा धाकटा मुलगा. त्याला मोडकंतोडकं हिंदुस्तानी येत होतं, यांना त्याहून मोडकं. पण डोंगरात पाऊस लागला आणि करायला काही नसलं की माणूस घरचं बोलतो. साहेब आपल्या घरचं बोलायचा, हे आपल्या घरचं. त्यामुळे त्या लॉर्डचं घर आम्हाला सख्ख्या चुलत्यांच्या घरापेक्षा जास्त माहीत. चुलते तरी काय, जमिनीच्या वादानंतर बोलतच नाहीत.

लॉर्डचा मोठा दगडी वाडा तळ्याकाठी होता. लढाई सुरू झाली तशी सरकारने त्यात जखमी सैनिकांचं इस्पितळ केलं. दिवाणखान्यात खाटा, नाचायच्या दालनात खाटा. लॉर्ड आणि लेडी घोड्यांच्या पागेवर जी खोली होती तिथे राहायला गेले. नोकर सगळे लढाईवर. लॉर्ड स्वतः लाकडं फोडायचा आणि लेडी बागेतली फुलं उपटून बटाटे लावायची. एक शेगडी पेटायची, तिच्याभोवती लॉर्ड, लेडी, दोन कुत्रे आणि मुलगी. मुलगी लष्कराचा ट्रक चालवायची, म्हणजे घरी आली तर. हे ऐकून आमच्या आजेसासूबाई म्हणाल्या होत्या म्हणे, की मग आपल्यात आणि लॉर्डात फरक तो काय राहिला. थोरला मुलगा आरमारात होता. त्याची बोट बुडाली.

त्या थोरल्याची गोष्ट मामंजी दरवर्षी सांगायचे, आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. लॉर्डच्या जहागिरीतली पुष्कळ पोरं लढाईवर होती. कोणी पडल्याची तार आली की ती घेऊन लॉर्ड स्वतः त्या घरी जायचा. आपल्या कुळाला ही बातमी पोस्टाने कळू नये, आपण तोंडाने सांगावी, असं त्याचं म्हणणं. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून सायकलवरून जायचा, काळा टाय बांधून. पुढे पुढे असं झालं की सायकल रस्त्याला दिसली की बाया दारं लावून घ्यायच्या. आपल्या दारावरून ती पुढे गेली की देवाचे आभार मानायच्या आणि मग पुढच्या घरासाठी रडायच्या. लॉर्डला हे कळत होतं. तरी जायचा. आणि मग एक दिवस तार त्याच्याच घराची आली. पोस्टातली बाई ती घेऊन निघाली, पण वाड्याच्या कुंपणापाशी येऊन भिंतीवर बसून राहिली. आत जायची तिची छाती होईना. लॉर्ड लाकडं फोडत होता. त्याने तिला बघितलं, कुऱ्हाड ठेवली, आणि तिच्या शेजारी भिंतीवर जाऊन बसला. तार न वाचताच.

तिकडून लेडीने विणलेले मोजे यायचे, मुलासाठी एक जोड आणि ऑर्डर्लीसाठी एक. इकडून आजेसासूबाईंनी कांडलेला मसाला जायचा, कापडात शिवून, डब्यात घालून. तो मसाला एकदा साहेबाने डब्यातल्या मांसावर घालून खाल्ला, तर डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. खोकून खोकून लाल झाला. साहेबाला तिखट सोसत नाही हे त्या दिवशी ठरलं आणि ती गोष्ट घरी आली. मागाहून माझ्या मानगुटीवर बसली.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण मामंजीही ते थोडक्यातच सांगायचे. डोंगर चढताना तोफेचा गोळा पडला. साहेबाच्या पोटाला आणि पायाला लागलं. आजेसासरे त्याच्या बाजूला होते. साहेब त्यांना म्हणाला, माझ्या बापाला सांग, मला त्रास झाला नाही. त्याला कोणाच्या तरी तोंडून कळू दे. मग स्ट्रेचरवाले आले, पाऊस कोसळत होता. स्ट्रेचर उचलताना त्यांनी घोंगडी वर ओढून साहेबाचं तोंड झाकलं. आजेसासऱ्यांनी ते बघितलं. तोंडावरून पांघरूण घेतलं म्हणजे काय, हे आपल्याकडे पोरालाही सांगायला नको. आमच्या घरात अजून कोणी थंडीने डोक्यावरून चादर घेऊन झोपलं तर ती खेचून काढतात, वर शिव्या. त्यांनी तिथेच चिखलात बसून हंबरडा फोडला. नंतर पलटण पुढे गेली, मग दुसरा अधिकारी आला. निरोप कोणाला द्यायचा, कुठे द्यायचा, कळलं नाही. चमचा तेवढा साहेबाच्या सामानातला त्यांच्या पिशवीत राहिला.

घरी आले त्या वर्षीच्या अमावास्येला त्यांनी साहेबाचं पान ठेवलं. कावळा शिवला नाही. त्याचा अर्थ सरळ होता. निरोप पोचला नाही, बाप तिकडे वाट बघतोय, साहेबाचा जीव अडकलाय. मरताना त्यांनी मामंजींना जवळ घेऊन हेच सांगितलं. शेतीचं, भावकीचं काही नाही. साहेबाचं पान शिवलं पाहिजे.

कावळा शिवत नाही तेव्हा गेलेल्या माणसाला काय हवंय ते ओळखून कबूल करायचं असतं. मामंजी दरवर्षी अंगणात उभे राहून हात जोडून कबूल करायचे. साहेब, तुमच्या बापसाला निरोप पोचवू. साहेब, चमचा परत करू. साहेब, तुमच्या आईच्या नावाने झाड लावू. ते झाड आहे, परसात, रामफळाचं. एका वर्षी काही सुचेना तेव्हा म्हणाले, साहेब, माझ्या नातीला इंग्लिश शिकवून तुमच्या मुलखात धाडू. मी आतून ऐकलं आणि कपाळावर हात मारला. कावळा आला नाहीच, पण शब्द गेला होता. माझी मुलगी इंग्रजी शाळेत गेली ती या कावळ्यापायी.

आणि मजा बघा, गेली. नर्सिंग केलं, परीक्षा दिल्या, आणि नोकरी मिळाली ती नेमकी स्कॉटलंडात. मामंजी तोपर्यंत अंथरुणाला खिळले होते. त्यांचं सगळं मीच करायची. नवरा कंपनीत, कधी ही शिफ्ट कधी ती. घरी असला की झोपलेला. मी सकाळी मामंजींना उठवून बसवायची, अंग पुसायची, पेज भरवायची, चादरी धुवायची. आमटी बिनतिखटाची केली तर ओठ मिटून घ्यायचे. म्हातारा माणूस, पण मसाला सुटला नाही. मुलगी जायला निघाली तेव्हा त्यांनी तिला चमचा दाखवला. तिने त्याचा फोटो काढून घेतला. परत करायचं त्यांच्या मनात होतं, पण हातातून सुटेना. फोटोवर भागवलं.

वर्षभर काही झालं नाही. मग तिथल्या एका पेशंटने फोटो बघितला आणि म्हणाला, हे हरण मी एका फाटकावर बघितलंय. मुलगी सुट्टीच्या दिवशी बस बदलत बदलत तिथे गेली. तळं होतं, वाडा होता. निम्मा वाडा आता लोकांना बघायला खुला आहे आणि निम्म्याचं छप्पर गळतं. साहेबाच्या घरातली एक बाई तिथे राहते म्हणाले. मुलीने तिला गाठलं, कोण कुठली ते सांगितलं. निरोप आजोबा स्वतः देतील म्हणाली. पोरगी माझी असली तरी स्वभावाने आजोबांवर गेलेली. पुढचं काही हिने विचारलं नाही, त्या बाईने सांगितलं नाही. व्हिडिओ कॉल ठरला.

त्या संध्याकाळी मी मामंजींची दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली, पाठीला लोड लावले. त्यांनी दिवसभर निरोप घोकला होता. चमचा मी त्यांच्या मांडीवर ठेवला. नवऱ्याने शिफ्ट बदलून घेतली होती. फोन लावला तशी समोर मुलगी दिसली, तिच्या बाजूला एक सत्तरीतली बाई. अंगात विटलेला स्वेटर, केस कसेतरी बांधलेले, मागे स्वयंपाकघर आणि ओट्यावर भांड्यांचा ढीग. लॉर्डच्या घरातली म्हणून मी काय काय डोळ्यांसमोर आणलं होतं. ही माझ्यासारखीच दमलेली दिसत होती.

मामंजी सावरून बसले. "सांग तिला," ते नातीला म्हणाले. "साहेबाला त्रास झाला नाय. माझा बापूस शेवटपर्यंत बाजूला होता. हे त्यांच्या बापसाला सांगायचं होतं, ऱ्हायलं."

मुलीने इंग्रजीतून सांगितलं. ती बाई आधी गोंधळली, मग तिने काहीतरी विचारलं, मग भरभर बोलायला लागली. माझी मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, अगं काय म्हणतायत त्या? मुलगी नर्स आहे. वाईट बातमी कशी सांगायची हे तिला शिकवलंय. चांगली कशी सांगायची हे बहुतेक शिकवलेलं नाही.

"आजोबा, साहेब तेव्हा गेलेच नव्हते," ती म्हणाली. "या त्यांच्या मुलगी. लढाईनंतर जन्मलेल्या."

साहेब इस्पितळातून घरी गेला होता. थोरला भाऊ नव्हता, म्हणून बापामागे तोच लॉर्ड झाला. काठी टेकत टेकत पुष्कळ वर्षं जगला आणि काही वर्षांपूर्वी आपल्या अंथरुणात, म्हातारा होऊन गेला. आणि आम्ही इकडे एका जिवंत लॉर्डला उकडलेले बटाटे घालत होतो.

मामंजी फोनकडे पुढे वाकले. मग म्हणाले, तोंडावरून घोंगडी घेतली होती, बापसाने डोळ्यांनी बघितलं होतं. मुलीने विचारलं. त्या बाईने सांगितलं की पाऊस होता, तोंडावर पाऊस लागू नये म्हणून घेतली असेल, तिकडे घेतात. आणि तिला एक आठवलं. तिचे वडील कितीही थंडी असली तरी पांघरूण छातीच्या वर येऊ द्यायचे नाहीत. का, ते कधी सांगितलं नाही. लढाईबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

मामंजींनी विचारलं, माझ्या बापसाचं नाव? कधी काढलं?

मी मुलीला डोळ्यांनी खुणावत होते. पण फोनमध्ये डोळ्यांची भाषा दिसत नाही. तिने विचारलं. बाईने मान हलवली. मुलीने सरळ सांगितलं, नाही आजोबा, कधीच नाही. मला इतका राग आला, समोर असती तर एक दिली असती. अगं, थोडं सांभाळून! आयुष्यभर ज्याच्यासाठी माणूस उपाशी उभा राहिला, त्याला 'कधीच नाही'?

मामंजींनी चमच्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता कोसळतील. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"जेवायचा ना पण नीट?"

हे भाषांतर झाल्यावर ती बाई पहिल्यांदा हसली. म्हणाली, जेवायचे, पण बाकीच्यांना घाम फुटायचा. त्यांच्या ताटाशेजारी लाल तिखटाचा डबा असायचा. अंड्यावर तिखट, बटाट्यावर तिखट, सकाळच्या ओटच्या लापशीवर तिखट. पाहुण्यांसमोर तिच्या आईला लाज वाटायची. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं तरी ऐकलं नाही. हे खूळ कुठून लागलं ते घरात कोणाला माहीत नव्हतं. ती उठली, कपाटातून एक गंजलेला डबा काढला आणि फोनसमोर धरला. वडील गेले तरी तिच्याने टाकवला नव्हता.

मामंजी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. टोपी तिरकी झाली. "माझ्या आयशीचा मसाला," ते म्हणाले. "त्यानं आयशीचा मसाला सोडला नाय."

माझे डोळे कोरडे होते. खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर बटाटे येत होते. ते वेगळं पातेलं, वेगळा डाव, मिरचीचा वास लागू नये म्हणून मागच्या पडवीत मांडलेली वेगळी चूल. तेवढ्यात ती बाई मुलीला काहीतरी म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, आईला सांग, मी शेवटची कितीतरी वर्षं दोन स्वयंपाक केले, एक घरच्यांचा बिनतिखटाचा आणि एक त्यांचा. मी हात वर करून तिला दाखवलं, की इकडे पण दोनच. तिला काय समजलं कोण जाणे, तिनेही हात वर केला.

मला वाटलं, सुटले. जिवंत माणसाचं श्राद्ध झालं, चूक झाली, उगाच लोकांत बोभाटा नको, पान बंद. कावळाही बिचारा खरं तेच सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन गेले तर मामंजी लकाकत्या डोळ्यांनी बसलेले. म्हणाले, येत्या भादव्यात साहेबाचं पान नीट करायला हवं. आजवरची गेली ती गेली, आता तो खरा वारलाय, आता शिवेल. आणि मसाला घालून कर.

माझा तोल गेला. मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"मामंजी, त्याला त्याची माणसं हायत," मी म्हटलं. "मी आता दमले. माझ्याच्यानं नाय होणार."

ते म्हणाले, बरं.

एवढंच. नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. भांडले असते तर मी चार शब्द जास्त बोलून मोकळी झाले असते. पण त्यांच्या त्या 'बरं'ला धरायला कुठे कड नव्हती. रोज पेज घेताना आढ्याकडे बघायचे. चमचा मी फडक्यात गुंडाळून देवांच्या मागे ठेवून दिला. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. माणसाने किती जणांचं करायचं? आपल्या घरचे जिवंत, आपल्या घरचे मेलेले, आणि वर परक्या देशाचा लॉर्ड?

वैशाखात मामंजी गेले. फार हाल झाले नाहीत. संध्याकाळी मसाल्याची आमटी चार घास खाल्ली आणि पडल्या पडल्या गेले. मी त्यांच्या तोंडावर चादर ओढली. ओढताना हात जरा अडला, पुन्हा एकदा श्वास बघितला, आणि मगच ओढली.

दहाव्याला कुंडलिका नदीच्या घाटावर आमच्यात बायका जात नाहीत. मी गेले. इतकी वर्षं ज्यांचं मी केलं त्यांच्यापासून मला कोण अडवणार होतं? कोणी अडवलंही नाही, मग माझ्यामागून नणंदही आली. पिंड मांडला, वर भात, वडा, त्यांच्या आवडीची आमटी. मागे सरलो. समोरच्या झाडावर कावळे भरपूर. एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि परत फांदीवर जाऊन बसला.

नवरा पुढे झाला. बाबा, जमीन विकणार नाय, म्हणाला. कावळा हलला नाही. दीर म्हणाला, चुलत्यांशी बोलणं सुरू करू. नाही. मुंबईची नणंद म्हणाली, दर वर्षी गणपतीला येऊ. नाही. नातवंडांची नावं झाली, लग्नं झाली, घराच्या गिलाव्याचंही कबूल करून झालं. ऊन चढलं. भटजींनी घड्याळ बघून हळूच सुचवलं की दर्भाचा कावळा करून शिववता येतो, शास्त्रात आहे. सगळे एकमेकांकडे बघत होते.

मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी मागे पिशवी धरून गप्प उभी होते. पाय भरून आले होते, दहा दिवस पाहुण्यांचं करून पाठीचा काटा ढिला झाला होता. मनात म्हटलं, मामंजी, किती हट्टी हो तुम्ही. जाताना तरी सोडा. कावळा फांदीवरून मान वाकडी करून बघत होता, आणि मला सगळ्यांतून पुढे यावंच लागलं.

"साहेबाचं पान मी ठेवीन," मी म्हटलं. "मसाला घालून ठेवीन. या आता."

कावळा उतरला आणि पहिली चोच आमटीत घातली.

माणसं गहिवरली, नणंद रडली, कोणीतरी हात जोडले. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पायरीवर बसले. मेला कावळा, इतका वेळ नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. पण शब्द गेला होता, आणि मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत मागता येत नाही. यंदा मसाला कांडताना दोन मुठी मिरच्या जास्त घेतल्या.